माती सगळ्यांची, लंगोट ज्याचा त्याचा : आमच्या कंपनीच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक साहेब आणि एचआर विभाग,
कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

पत्रात कंपनीचं नाव लिहीत नाही. चौदा वर्षं जिथलं मीठ खाल्लं ते नाव चव्हाट्यावर आणायची इच्छा नाही, आणि पत्र कुणाला आहे ते तुम्हाला चार ओळींत कळेलच. ऑफिसात कुणाचंच टेबल ठरलेलं न ठेवण्याच्या नव्या पद्धतीबद्दल याआधी रीतसर दोन अर्ज दिले, एक मेल केला. अर्जांच्या प्रतीवर ‘मिळाले’ असा शिक्का मारून मिळाला. मेलला उत्तर नाही. मधल्या काळात शहरातल्या दुसऱ्या ऑफिसांतल्या मैत्रिणींशी बोलले, तर दोघी-तिघी म्हणाल्या, ‘आमच्यात पण हेच चाललंय की.’ म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

जूनच्या पहिल्या सोमवारी राजारामपुरीतल्या ऑफिसात आले, तर माझ्या टेबलावर माझं काहीच नव्हतं. जिन्याखाली खोक्यांची रांग, त्यावर खाकी टेप, टेपवर मार्करनं नावं. माझ्या खोक्यात अंबाबाईचा फोटो, नोकरीला लागले तेव्हाचा स्टेपलर, स्टीलची फूटपट्टी, चष्म्याचं रिकामं घर, आणि डबी उघडल्यामुळं या सगळ्यावर पसरलेली बडीशेप. शिपाईमामा खाली मान घालून म्हणाले, ‘म्याडम, मला शनिवारी संध्याकाळी सांगितलं, रातोरात खाली करा म्हणून.’ त्यांचा काय दोष?

नंतर मेल आला. वरचा मजला सोडलाय, आता कुणाचं टेबल ठरलेलं नाही, मोबाइलवरच्या ॲपवर रोज बुक करायचं, याला ‘हॉट डेस्क’ म्हणतात आणि जगभर असंच चालतं.

मजला सोडून भाडं वाचवलंत, ते मला समजतं. त्या भाड्याचं व्हाउचर दर महिन्याला माझ्याच हातून जायचं. गेल्या वर्षी निर्यातीच्या ऑर्डरी कशा होत्या तेही मला पाठ आहे. लॉकडाऊनमध्ये तुम्ही कुणाचा पगार थांबवला नाहीत, हे आमच्यातलं कुणी विसरलेलं नाही. त्यामुळं खर्च कमी करण्याबद्दल तक्रार नाही. ६१ माणसं आणि ३८ टेबलं हा हिशोबही बसवता येतो, कारण विक्रीची मंडळी निम्मे दिवस बाहेर असतात आणि काही जण घरून काम करतात. पण टेबलं वाटून घ्या एवढंच सांगून तुम्ही मोकळे झालात. कशी वाटून घ्यायची, ते आमच्या आमच्यात भांडून ठरवायचं ठेवलंत.

वाटून घेणं आम्हाला काही नवीन नाही, साहेब. ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली होती, शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, आणि शहरात राहणारा आपल्या शिरोलीच्या प्लांटचा स्टाफ नदीपलीकडं जाऊ शकत नव्हता. ती सगळी माणसं आमच्याकडं येऊन बसली. एका टेबलाला तिघं, एका चार्जरला चौघं. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्यासाठी आम्ही डब्यात चार चपात्या जास्त आणत होतो. जुलै २०२१ मध्ये परत तेच झालं, परत तसंच निभावलं. अडचण म्हणजे अडचण, ती सगळ्यांची. आता अडचण कायमची केलीत, तर तिला काही रीत नको का?

माझे वडील उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. एक लेथ, दोन पाळ्या, दोन माणसं. पाळी संपायच्या दहा मिनिटं आधी मशीन बंद करायचं. लोखंडाचा कीस ब्रशनं झाडायचा, बेडवर तेलाचा हात फिरवायचा, चकची किल्ली काढून जागेवर ठेवायची. मग पुढच्या माणसाला तोंडानं सांगायचं, ‘क्रॉस स्लाइडला जरा प्ले आहे, सांभाळून घे.’ हे सांगितल्याशिवाय ते सायकलला हात लावत नसत. पण बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर त्यांचा स्वतःचा होता. छोट्या लाकडी पेटीत, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला. त्याला आम्ही पोरांनीच काय, जोडीदारानंही हात लावलेला त्यांना खपत नसे.

तरुणपणी ते पेठेतल्या तालमीत जायचे. तिथली लाल माती सगळ्यांची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती सगळ्यांनी मिळून मळायची, फावड्यानं उकरायची. गदा, मुद्गल सगळ्यांचे. घुमवून झाले की भिंतीशी जागच्या जागी. आणि कशावरही वाद झाला की घरी त्यांचा एक शब्द ठरलेला असायचा : ‘माती सगळ्यांची, लंगोट ज्याचा त्याचा.’ बाईमाणसानं, त्यातून अकाउंट्सवालीनं, व्यवस्थापनाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द घालावा का, यावर मी दोन दिवस विचार केला. याहून नेमकं मला सांगता येत नाही. टेबल ही माती आहे. हेडसेट हा लंगोट आहे.

हेडसेटचंच आधी सांगते. एक्सपोर्ट आणि सर्व्हिस या दोन विभागांत मिळून सतरा माणसं फोनवर असतात. त्यांच्यासाठी पँट्रीशेजारच्या ट्रेमध्ये अकरा हेडसेट ठेवलेत. सकाळी येईल त्यानं उचलायचा, संध्याकाळी परत टाकायचा. कानावरच्या स्पंजला खोबरेल तेलाचा थर, त्यावर कुणाचे तरी केस, माइकच्या टोकाला काय असतं ते लिहीत नाही. सर्व्हिसमधल्या एका मुलीचा कान सुजून पू झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दुसऱ्याचा इअरफोन वापरता का?’ पाच दिवसांची आजारपणाची रजा तिच्या खात्यातून गेली. साधा हेडसेट हजार-दीड हजारात येतो. तिची पाच दिवसांची रजा त्याहून महाग पडली, हा हिशोब मी करून ठेवलाय, मागाल तेव्हा देते.

बुकिंगची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिच्यात माणसं एकमेकांतून उठायला लागलीत. ॲप रात्री आठला उघडतं. आठ वाजून चार मिनिटांनी खिडकीकडची सगळी टेबलं गेलेली असतात. आमचा एक सहकारी गगनबावडा रोडवर कळ्याच्या पुढून येतो-जातो. आठ वाजता तो एसटीत उभा असतो, एक हात दांडीला, आणि रेंज आली तर आली. त्याला रोज ३८ नंबर. ३८ नंबर म्हणजे बाथरूमच्या दाराशेजारचं टेबल. दर दहा मिनिटांनी दार पाठीवर येतं. आल्यापासून तो फिनेलच्या वासात बसलेला असतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की पोचायला अकरा वाजतात, तोवर त्याचं ३८ पण ‘गैरहजर’ म्हणून दुसऱ्याला गेलेलं. मग तो मीटिंग रूममध्ये, मीटिंग सुरू झाली की पँट्रीत, लॅपटॉप मांडीवर. जो सगळ्यात लांबून येतो त्याला सगळ्यात वाईट जागा, हा नियम कुणी मुद्दाम केला असेल असं मी म्हणत नाही. कुणी विचारच केला नाही, म्हणून तो झाला.

यात पोरंही काही कमी नाहीत. मित्रासाठी बुक करून ठेवायचं, आपण रजेवर असलो तरी टेबल सोडायचं नाही, बॅग ठेवून जागा धरायची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसं. मी स्वतःही एकदा केलंय, खोटं कशाला बोलू? वीस वर्षांची ओळख असलेल्या दोन माणसांनी गेल्या महिन्यात २२ नंबरच्या टेबलावरून एकमेकांशी बोलणं टाकलं. दोघंही शहाणी माणसं आहेत.

खुर्चीबद्दल थोडक्यात. माझी उंची पाच फूट. आदल्या दिवशी त्या जागी सहा फुटी माणूस बसलेला असतो. रोज सकाळी खुर्ची खाली घ्या, पाठ पुढं घ्या, स्क्रीन खाली करा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि स्क्रीन हातभर लांब असावी, हे तुम्हीच बोलावलेल्या डॉक्टरांनी शिबिरात सांगितलं होतं. बऱ्याच खुर्च्यांचा खटका तुटलाय, त्या आहेत त्या उंचीला अडकल्यात. मी पायाखाली जुनी बॉक्स फाइल घेते.

माझं ठीक आहे, फाइलवर भागतं. पण आमच्या एका सहकाऱ्याला लहानपणी पोलिओ झालेला आहे. लिफ्टजवळचं, मोकळी जागा असलेलं टेबल आणि ठरावीक उंचीची खुर्ची एवढंच त्याला लागतं. पूर्वी ते होतं, न मागता. आता त्यालाही आठ वाजता मोबाइल घेऊन बसावं लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं आणि कोणत्या सोयी दिल्या त्या त्यात सांगायच्या असतात. आपल्याकडचा तो कागद मला अजून कुणी दाखवलेला नाही. असेल, तर त्यात टेबल बुक करण्याच्या शर्यतीचा उल्लेख आहे का, हे वाचायला आवडेल.

आता माझ्या विभागाचं, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

अकाउंट्सचं काम टेबलाला बांधलेलं असतं. सात तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, अकरा तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, वीस तारखेला ३बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. महिनाभर बिलं, चलनं, ई-वे बिलाच्या प्रिंट, बँकेची स्टेटमेंटं ठरावीक क्रमानं पसरलेली असतात. बाहेरच्याला तो पसारा वाटतो, आम्हाला डोळे मिटून हात घालता येतो. आता रोज संध्याकाळी तो आवरून ट्रॉलीत भरायचा आणि सकाळी दुसऱ्या टेबलावर मांडायचा. यात दिवसाचा पाऊण तास जातो. तो सोसू. पण पगारपत्रक मी कुठं उघडायचं? पूर्वी माझी पाठ भिंतीला होती. आता माझ्या पाठीमागून पँट्रीचा रस्ता जातो. कुणाला किती वाढ मिळाली हे चहाचा कप घेऊन जाणाऱ्याला दिसतं. एकदा दिसलं, त्यावरून काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे, आणि ठपका आला माझ्यावर.

जुलैची वीस तारीख. ३बी भरायचं. कंपनीचं रिटर्न आम्ही डिजिटल सहीनं भरतो, आणि सहीचा तो टोकन, पेन ड्राइव्हएवढा, पूर्वी माझ्या कुलपाच्या ड्रॉवरमध्ये असायचा. घेणाऱ्यानं वहीत वेळ लिहून सही करायची, ठेवताना परत सही. आता ड्रॉवरही नाही, कुलूपही नाही, वही त्या खोक्यात गेली ती गेलीच. दुपारी चारपासून आम्ही पाच जण टोकन शोधत होतो. कीबोर्ड उलटे करून झटकले. त्यातून शेव, खडूचा तुकडा आणि एक कानातलं पडलं. पावणेनऊला टोकन सापडला, २९ नंबरच्या टेबलाखाली, सीपीयूच्या मागच्या बाजूला लावलेला. आदल्या दिवशी दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी एक फॉर्म भरून तसाच सोडला होता. रिटर्न रात्री साडेदहाला गेलं. उशीर झाला असता तर दिवसाला ५० रुपये दंड हा किरकोळ भाग. राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं, आणि आपला कर काही हजारांत नसतो.

दंड वाचला म्हणून हा प्रकार हसण्यावारी नेऊ नये. तो टोकन म्हणजे संचालकांची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे ती ज्याची त्यानं ताब्यात ठेवायची असते. रात्रभर ती सही एका टेबलाखाली लोंबत होती. हे असं उघड लिहिताना मला बरं वाटत नाही.

तसंच लॉगिनचं. ईआरपी म्हणजे आपल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे चार लॉगिन, वापरणारे आम्ही नऊ. ऑगस्टमध्ये एका सप्लायरच्या बिलात रक्कम चुकीची पडली, नोंद ‘यूजर ०३’ ची. मेमो मला आला. त्या दिवशी मी रजेवर होते, हे तुमच्याच हजेरीपटावर होतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीची झाली आहे, म्हणजे कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहिला पाहिजे. आपल्याकडं माग राहतो, आणि तो ‘यूजर ०३’ पर्यंत जाऊन थांबतो. यूजर ०३ म्हणजे आम्ही तिघं. मेमो मागं घेतलात, आभारी आहे. पण पुढच्या वेळी तो तिघांपैकी कुणाला द्यायचा, हे कसं ठरवणार?

गंमत अशी, साहेब, की हे सगळं कसं करायचं ते तुम्हाला उत्तम येतं. शिरोलीच्या आपल्याच प्लांटमध्ये फाइव्ह-एसचा, म्हणजे प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायच्या पद्धतीचा, बोर्ड आहे. प्रत्येक पान्याची आकृती पिवळ्या रंगात काढलेली. पाना जागेवर नसेल तर लांबूनच कळतं. टूल क्रिबमधून, म्हणजे हत्यारांच्या कोठीतून, मापाचं गेज घ्यायचं तर आपला पितळी बिल्ला खुंटीला अडकवायचा. गेज परत केलं की बिल्ला परत. पाळी बदलताना रजिस्टर. परदेशातले ग्राहक ऑडिटला आले की तुम्ही त्यांना आधी तिथं नेता. नदीच्या त्या तीरावर तीनशे रुपयांच्या पान्याचा हिशोब आहे, आणि या तीरावर संचालकांच्या सहीचा नाही.

‘जगभर असंच चालतं’ यावरही बोलायला हवं. पाणबुडीवर खाटा कमी असतात, म्हणून एक पाळीवर गेला की त्याची गादी गरम असतानाच दुसरा तिच्यावर झोपतो. ‘हॉट’ हा शब्द तिथून आला म्हणतात. पाणबुडीवर जागा नसते हे समजू शकतं. आणि ऑफिसचं म्हणाल तर लॉस एंजेलिसच्या शायट-डे या नावाजलेल्या जाहिरात कंपनीनं १९९० च्या दशकातच हा प्रयोग मोठ्या थाटात केला होता. कुणाचं टेबल नाही. सकाळी खिडकीवर फोन आणि लॅपटॉप घ्यायचा, संध्याकाळी परत द्यायचा. सकाळी रांगा लागायला लागल्या, लॅपटॉप पुरेनात, लोक ते लपवून ठेवू लागले. कागदपत्रं स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवू लागले. काही वर्षांत कंपनीनं तो नाद सोडला. आमच्याकडं एक्सपोर्टचा एक जण सॅम्पलच्या फाइली स्कूटरच्या डिकीत ठेवतो, तेव्हा मला ते आठवतं. एवढा एक भाग मात्र आपल्याकडंही जगासारखाच चाललाय.

तर मागण्या. वरचा मजला परत घ्या असं म्हणत नाही.

अकाउंट्स आणि पगाराचं काम करणाऱ्यांना, म्हणजे आम्हा पाच जणांना, ठरलेली टेबलं द्या, भिंतीला पाठ करून, कुलपाच्या ड्रॉवरसह. पोलिओ झालेल्या आमच्या सहकाऱ्याचं लिफ्टजवळचं टेबल उद्याच्या उद्या त्याला परत द्या. त्यासाठी बैठकीची वाट बघू नका. फोनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा हेडसेट, त्यावर नाव. प्रत्येकाला छोटा का होईना, एक लॉकर. निदान जिन्याखालची खोकी उचलून माणसाला शोभेल अशा जागी ठेवा. ईआरपीचे पाच लॉगिन वाढवा. सहीचा टोकन संचालकांच्या केबिनमध्ये कुलपात, सोबत वही. वही मी माझ्या पैशांनी आणते.

रात्री आठची शर्यत बंद करा. बाकीच्या टेबलांचं आठवड्याचं वेळापत्रक विभागवार लावा, पाळीपाळीनं, म्हणजे बाथरूमशेजारी कधी ना कधी प्रत्येकाला बसावं लागेल, अगदी एचआरच्या साहेबांनाही. लांबून येणाऱ्यांचं टेबल पावसाळ्यात बारा वाजेपर्यंत धरून ठेवा. आणि प्रत्येक टेबलाला एक साधी वही बांधा. उठताना टेबल पुसायचं, कीबोर्ड झटकायचा, काय बिघडलंय ते लिहायचं, सही करायची. यासाठी लागणारी पाच मिनिटं ऑफिसच्या वेळेत धरा, सुटल्यानंतरची नव्हे. शिपाईमामांवर हे काम ढकलू नका. ते एकटे आहेत.

दुसऱ्या अर्जावर आम्हा २७ जणांच्या सह्या होत्या. हे पत्र मी एकटीनं लिहिलंय आणि त्याची जबाबदारी माझी आहे, त्या २७ जणांना बोलावून विचारू नका. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीनला, मीटिंग रूममध्ये तासभर वेळ द्या. रूम मी बुक केली आहे.

आपली,
अकाउंट्स विभागातली एक कर्मचारी

ता. क. आज मी १७ नंबरला बसले होते. खुर्चीचा डावा हात निसटतोय, खाली पुठ्ठा दुमडून घातलाय. स्पेसबार दोनदा दाबावा लागतो. उद्या जो बसेल त्यानं सांभाळून घ्यावं.